दोन एकरात वराहपालन, बांधावर रानडुकरं आणि घरच्यांची भीती

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कळमेश्वरच्या पुढे दोन एकर जमीन आहे, दहा मादी आणि एक नर घेऊन वराहपालन सुरू करायचं आहे. घरचे म्हणतात, डुकराचं मटण खाल्लं की मेंदूत किडे होतात, हा धंदा नको. शेजारी म्हणतो, रानडुकराची पिल्लं धरून पाळ, त्या मटणाला दुप्पट भाव मिळतो. रानडुकरं तशीही रोज रात्री तुरीत शिरतात. मटणाबद्दल आणि अनुदानाबद्दलही विचारलंय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, जात कोणती घेऊ?

मी नागपूर जिल्ह्यात बावीस वर्षं पशुवैद्यक म्हणून काम करते. गायी-म्हशी, शेळ्या तर रोजच्याच, पण डुकरांचं काम मी मुद्दाम मागून घेतलं, कारण सुरुवातीला ते करायला फारसं कोणी तयार नसायचं. त्या अनुभवावरून सांगते, जातीचा प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे. खरा प्रश्न असा आहे की तुमच्या डुकराच्या तोंडात काय जाणार आणि त्याच्या जवळ कोण येणार. घरच्यांची भीती, शेजाऱ्याचा सल्ला आणि तुमचा नफा-तोटा, तिन्हींचं उत्तर त्यातच आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. मे महिन्यात विहिरीला पाणी किती राहतं, वस्ती किती लांब आहे, ग्रामपंचायत आणि शेजारी काय म्हणतात, आणि तयार जनावर घेणारा माणूस ठरला आहे का. यातलं शेवटचं जमत नसेल तर बाकीचं कितीही चांगलं असलं तरी सुरू करू नका. आठ महिन्यांचं शंभर किलोचं जनावर गिऱ्हाईक नाही म्हणून आणखी दोन महिने उभं राहिलं, तर ते रोज तुमच्याच खिशातून खातं.

आता शेजाऱ्याचा सल्ला. रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर ही एकाच प्रजातीची जनावरं आहेत. सुमारे नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानच्या भागात आणि चीनमध्ये माणसानं रानडुक्कर स्वतंत्रपणे माणसाळवलं. फरक पडला तो स्वभावात, वाढीच्या वेगात आणि पिल्लांच्या संख्येत. रानडुकरीण साधारण चार ते सहा पिल्लं देते, सुधारित जातीची मादी आठ ते बारा. तुम्ही रानातून धरून आणलेलं पिल्लू मोठं झालं तरी वर्षभरात शंभर किलोचं होणार नाही, माणूस दिसला की भिंतीला धडका देईल, आणि सुळे फुटल्यावर आत जाऊन शेण काढणं जिवावर बेतेल. पण या सगळ्याच्या आधी कायदा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात नुसतं मारणं नाही, तर पकडणं, फासा लावणं हीसुद्धा शिकारच धरली जाते. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळण्याची सोय आहे, पण त्यातून मटण विकायचा हक्क मिळत नाही. ते मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं. तेव्हा दुप्पट भावाचं ते मटण विकणाराही अडकतो आणि घेणाराही.

एकाच प्रजातीची आहेत म्हणजे दोघांचे रोगही तेच. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आफ्रिकन स्वाइन फीवर हा विषाणूजन्य आजार 2020 साली आसाम आणि अरुणाचलात आला, आपल्या देशात पहिल्यांदाच, आणि नंतर इतर राज्यांतही पसरला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांत तो आला की कळपातली जवळजवळ सगळी जनावरं जातात, मग ती रानातली असोत की शेडमधली. आपल्याकडे शेतकऱ्याला वापरता येईल अशी लस त्यावर नाही. विषाणू रक्तात, लाळेत, विष्ठेत असतो, मटणात असतो, गोठवलेल्या मटणातही महिनोन्महिने टिकतो. बुटाच्या तळव्याला, गाडीच्या चाकाला, व्यापाऱ्याच्या दोरीला चिकटून तो एका गावातून दुसऱ्या गावात जातो.

म्हणून मी म्हणते, डुकरं आणायच्या आधी कुंपण करा, आणि तेही दुहेरी. आतलं कुंपण तुमची डुकरं बाहेर जाऊ नयेत म्हणून, बाहेरचं रानडुकरं आणि गावातली मोकाट डुकरं आत येऊ नयेत म्हणून. दोन्हींमध्ये किमान दीड-दोन मीटर अंतर ठेवा, म्हणजे नाकाला नाक लागणार नाही. मादी माजावर आली की तिच्या वासानं नर रानडुक्कर लांबून येतं. कोंढाळी भागात एका शेतकऱ्याच्या शेडला एकाच जाळीचं कुंपण होतं. सकाळी तो मला म्हणाला, "मॅडम, रातभर काहीच आवाज नव्हता, सकाळी पाहतो तं जाळी वाकलेली." मी जाऊन पाहिलं तर जाळीच्या खालच्या कडेला ओली माती उकरलेली, तारेला राठ काळे केस अडकलेले, आणि आतल्या बाजूनं त्याची मादी त्याच जागी नाक लावून उभी. रानडुक्कर कुंपणावरून उडी मारायच्या आधी खालून रेटतं. सगळी ताकद मानेत आणि मुस्काटात असते. म्हणून जाळीची खालची कड एक-दीड फूट जमिनीत पुरा, किंवा खाली दोन फूट विटांचा बांध घ्या.

वावरासाठी वेगळा विचार करावा लागतो. सौर झटका मशीन चांगलं काम करतं, पण सगळ्यात खालची तार जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटरवर हवी, आणि तिला गवत लागू देऊ नका, नाहीतर झटका गवतातून जमिनीत उतरतो. ही देखभाल दर आठवड्याची. घरच्या लाइनचा करंट तारेत सोडणं मात्र कधीही नाही. आपल्या विदर्भात अशा तारांनी वाघ मेले आहेत आणि शेतकरीही मेले आहेत. कणकेच्या गोळ्यात बारूद ठेवणारेही मी पाहिले. जबडा फाटलेली गाय माझ्याकडे आणली होती, चारापाणी काहीच घेता येत नव्हतं तिला. त्या दिवसापासून या विषयावर मी कोणाचीही भीड ठेवत नाही. नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज द्या आणि पंचनामा करून घ्या. फोटो काढताना पावलांचे ठसे आणि उकरलेली जागा दोन्ही येऊ द्या.

आता घरच्यांची भीती. ती हसण्यावारी नेऊ नका, त्यात खरं आहे, फक्त साखळी उलटी सांगितली जाते. हा डुकराचा फीतकृमी. प्रौढ कृमी फक्त माणसाच्या आतड्यात राहतो आणि दोन-चार मीटर लांब वाढतो. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. डुकरानं ती विष्ठा खाल्ली की अंड्यातून निघालेल्या अळ्या त्याच्या मांसात जाऊन पुटकुळ्या करून बसतात. असं मटण कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खाल्लं की माणसाच्या आतड्यात पुन्हा फीतकृमी होतो. इथपर्यंत मेंदूचा संबंधच आलेला नाही.

मेंदूचा आजार होतो तो पोटात गेलेल्या अंड्यातून, मटणातल्या पुटकुळीतून नाही. ज्याच्या पोटात हा कृमी आहे त्यानं शौचानंतर हात न धुता पोळ्या लाटल्या, किंवा नाल्याच्या पाण्यावर वाढलेली कोथिंबीर न धुता ताटात आली, तर ती अंडी कोणाच्याही पोटात जातात. मग अळी रक्तातून मेंदूपर्यंत पोचते आणि झटके येतात. म्हणून जन्मात मटणाला हात न लावलेल्या माणसालाही हा आजार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, हा कृमी जिथे जास्त आहे अशा भागांत फेफऱ्याच्या सुमारे 30 टक्के रुग्णांमागे तो असतो. तेव्हा घरच्यांना सांगा की या साखळीत डुक्कर मधला दुवा आहे, आणि तो दुवा तोडणं तुमच्या हातात आहे. तुमच्या डुकराच्या तोंडात माणसाची विष्ठा कधीच गेली नाही, तर त्याच्या मांसात ही पुटकुळी होऊच शकत नाही. शेडवर पक्कं शौचालय बांधा. गड्यांसाठी पहिलं बांधकाम तेच, शेड त्यानंतर. आणि वर्षातून एकदा घरच्यांनी आणि गड्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं तपासणी करून घ्यावी.

मी शिकत होते तेव्हा आमच्या सरांनी मोकाट डुकराची जीभ बाहेर ओढून खालच्या बाजूवर बोट फिरवायला लावलं होतं. बोटाखाली गुळगुळीत गाठी लागल्या. नंतर कापलेल्या मांसात पाहिलं तर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे, पारदर्शक, आणि प्रत्येकात एक पांढरा ठिपका. ते दृश्य मी अजून विसरले नाही. आजही विकत घेताना जीभ तपासते, पण लक्षात ठेवा, गाठी थोड्या असतील तर जिभेवर काहीच सापडत नाही. म्हणून आठवडी बाजारातून किंवा मोकाट फिरणाऱ्या कळपातून माद्या उचलू नका, कितीही स्वस्त मिळाल्या तरी. या कृमीवर डुकरासाठी ऑक्सफेंडाझोल नावाचं औषध आहे, पण ते पशुवैद्यकाच्या सांगण्यावरूनच, आणि दिल्यानंतर ठरावीक काळ जनावर कापायचं नाही.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्याकडे कैकाडी, वडार अशा समाजांतली कुटुंबं पिढ्यानपिढ्या डुकरं पाळत आली. त्यांना जमीन नव्हती, शेड नव्हतं, म्हणून डुकरं मोकळी सुटली आणि गावाची घाण खाऊ लागली. ती घाण गावाची होती. दोष मात्र लागला जनावराला आणि ते पाळणाऱ्या माणसांना. डुकराला स्वतःला जागा मिळाली तर ते झोपायची जागा आणि हगायची जागा वेगळी ठेवतं. तुमच्या शेडमध्ये पहिल्या दोन दिवसांत एका कोपऱ्यात पाणी मारून ओलं ठेवा, बहुतेक पिल्लं तोच कोपरा धरतात. आणि या समाजातला कोणी जाणता माणूस कामाला मिळाला तर मानानं आणि चांगल्या पगारावर घ्या. मादी कधी विणार हे तिच्या चालण्यावरून ओळखणारी माणसं मी त्यांच्यातच पाहिली आहेत.

खाद्याबद्दल. नागपुरात हॉटेलं आणि मंगल कार्यालयं भरपूर आहेत, उरलेलं अन्न फुकट मिळतं, आणि खर्चाचा सुमारे 70 टक्के भाग खाद्याचा असल्यामुळे मोह होतोच. एका फार्मवर मी हेच होताना पाहिलं. ड्रमनं अन्न यायचं, उकळायचं ठरलं होतं, पण लग्नसराईत गडी कमी पडले आणि तसंच टाकलं गेलं. लसही टोचलेली नव्हती. आधी दोन जनावरांनी खाणं सोडलं, मग कानाच्या टोकांवर जांभळे डाग, मागचे पाय लटपटायला लागले, आणि तीन आठवड्यांत चाळीसपैकी एकतीस गेली. नमुन्यांतून निदान झालं ते क्लासिकल स्वाइन फीवरचं. हा आफ्रिकनपेक्षा वेगळा आजार, आणि याची लस मिळते. ती वेळेवर दिली असती तर ते घर वाचलं असतं. माझं मत स्पष्ट आहे, हॉटेलचं अन्न घेऊच नका. घ्यायचंच ठरवलं तर खदखदून उकळी आल्यावर किमान अर्धा तास, ढवळत ढवळत, आणि कच्च्या अन्नाचे ड्रम शेडच्या कुंपणाबाहेरच.

त्याऐवजी आपल्या भागात मिळतं त्यातून खाद्य बसवा: मका, भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांचा तांदळाचा कोंडा, सोयाबीनची ढेप, तुरीची चुनी, खनिज मिश्रण. पण दोन चुका विदर्भातला शेतकरी हमखास करतो. पहिली, बैलाला देतो तीच सरकीची ढेप डुकराला देतो. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. बैलाच्या चार कप्प्यांच्या पोटात त्याचा बराचसा निचरा होतो, डुकराचं पोट एका कप्प्याचं, त्याला ते बाधतं, हृदयावर आणि यकृतावर परिणाम होतो. दुसरी, घरचं सोयाबीन आहे म्हणून कच्चंच भरडून घालतो. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनं पचू देत नाहीत, जनावर खातं पण वाढत नाही. भाजून किंवा उकडून द्या. बुरशी लागलेला मका तर कोंबडीला नको तसाच डुकरालाही नको.

आता नागपूरचा उन्हाळा. पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक थंड प्रदेशातली असतात, आणि इथेच आपली माणसं फसतात. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. चिखलात लोळणं ही त्याची अंग थंड ठेवायची पद्धत आहे. मोठ्या मादीला 20 अंशांच्या आसपास बरं वाटतं, 28 च्या वर ती खाणं कमी करते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एकाला पत्र्याचं शेड चालेल असं सांगितलं, उंचीचा आणि पश्चिमेच्या उन्हाचा विचार केला नाही. पुढच्या मे महिन्यात त्याच्या दोन गाभण माद्या एकाच दुपारी गेल्या. पोचले तेव्हा तिसरी तोंड उघडं टाकून धापा टाकत होती, मिनिटाला शंभराच्या वर श्वास. ओलं पोतं अंगावर टाकून, कानामागे पाणी सोडून ती वाचली. चूक माझ्या सल्ल्याची होती, आणि तेव्हापासून कोणाचंही शेड उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता उभं राहून पाहिल्याशिवाय मी मत देत नाही.

म्हणून शेडची लांबी पूर्व-पश्चिम, उंची मध्यभागी बारा फूट तरी, पत्र्यावर पऱ्हाट्यांचा नाहीतर तुराट्यांचा जाड थर. पश्चिमेला वाळ्याच्या ताट्या किंवा ओली पोती. फवारा दोन-तीन मिनिटं मारून पंधरा मिनिटं बंद ठेवा, कारण थंडावा पाणी सुकताना येतो. जूनच्या दमट हवेत हा उपाय कमी पडतो, तेव्हा पंखेच लागतात. पाण्याचा पाइप जमिनीत पुरा. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपमधलं पाणी चटके देण्याइतकं तापतं, डुक्कर ते पीत नाही, आणि पाणी तुटलं की खाद्यातलं साधं मीठही त्याला विषासारखं बाधतं. दूध पाजणारी मादी दिवसाला वीस-तीस लिटर पिते. दहा माद्या, त्यांची पिल्लं आणि धुण्याचं पाणी धरून तुमच्या विहिरीचा हिशोब करा.

गाभण काळ 114 दिवसांचा. म्हणजे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लावलेल्या माद्या एप्रिल ते जूनच्या मध्यात वितात, ऐन कडाक्यात. पहिल्या वर्षी तरी हे टाळा. नरावरही उन्हाचा परिणाम होतो, मेमध्ये तापलेल्या नराचं वीर्य सुधारायला पाच-सहा आठवडे लागतात, त्यामुळे जूनमध्ये माद्या उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या, तर मादीला दोष देऊ नका.

विण्याच्या वेळच्या गोष्टी थोडक्यात, कारण त्या प्रत्यक्ष दाखवाव्या लागतात. भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर लोखंडी आडवा पाइप, म्हणजे मादी बसताना पिल्लू दबत नाही. पिल्लांना तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन, कारण आईच्या दुधात लोह पुरेसं नसतं. आणि हिवाळ्यात पहिल्या आठवड्यात बल्बची ऊब, कारण मोठ्या डुकराला जितका उन्हाचा त्रास तितकाच पिल्लाला डिसेंबरच्या रात्रीचा.

मटणाबद्दलही विचारलंय, तर सांगते. आमच्या घरी ते शिजतं. चरबीचे तुकडे आधी मंद आचेवर ठेवायचे, त्यांचंच तेल सुटतं, वेगळं तेल लागत नाही. त्यातच आलं-लसूण, मग भाजलेलं खोबरं-खसखस, आणि कुकरला नीट शिट्ट्या. कुकरमध्ये पूर्ण शिजलेल्या मटणात कृमीची अळी जिवंत राहत नाही, आतपर्यंत 71 अंश गेले की काम झालं. धोका असतो तो निखाऱ्यावर वरवर शेकलेल्या, आतून गुलाबी राहिलेल्या तुकड्यात. विक्रीसाठी कापणं मात्र परवाना असलेल्या जागीच, पशुवैद्यकाच्या तपासणीनंतर. आणि नर पिल्लांचं खच्चीकरण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करून घ्या, नाहीतर मोठ्या नराच्या मटणाला उग्र वास येतो आणि एकदा आलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

राहिली जात. लार्ज व्हाइट यॉर्कशायर पटकन वाढते, पण पांढरी कातडी उन्हात भाजते. तुमच्यासाठी मी यॉर्कशायर किंवा लँडरेसचा गावठीशी केलेला संकर सुचवेन, नोंदी ठेवणाऱ्या फार्मवरून, आणि दहाऐवजी चार माद्यांपासून. आणल्यावर महिनाभर वेगळ्या ठेवा. अनुदानाचं विचारलंत, तर राष्ट्रीय पशुधन अभियानात 50 माद्या आणि 5 नरांच्या युनिटपासून पुढे भांडवली खर्चाच्या 50 टक्के मदत आहे. पहिल्याच वर्षी केवळ अनुदानासाठी तेवढा आकडा गाठायचा प्रयत्न करू नका. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एकदा जाऊन या, शंका विचारायला आणि मेलेल्या जनावराची तपासणी करून घ्यायला तीच जवळची जागा आहे. कधी एका वेळी दोन-तीन जनावरं तापानं पडली, तर विकून मोकळं व्हायची घाई करू नका, लगेच सरकारी दवाखान्यात कळवा. 2009 च्या साथरोग कायद्यानं ते बंधनकारकही आहे.

पुढे बोलायला मला दोन गोष्टी कळवा: मेच्या शेवटी विहिरीत किती फूट पाणी असतं, आणि शेडची जागा नाल्यापासून किती लांब आहे. रानडुकरांची वाट बहुतेक नाल्यानंच असते. ते कळलं की कुंपण कुठून सुरू करायचं ते सांगते.